हंसाचा मर्यादित हंगाम : शिकाऱ्यांकडे नेमका कशाला पाठिंबा मागायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर बदकं आणि गीज (कलहंस) मारणाऱ्या एका क्लबचे तुम्ही सभासद आहात. शेजारच्या डेलावेअरमध्ये टुंड्रा हंसाच्या, म्हणजे आर्क्टिकमधून हिवाळ्यापुरत्या इकडे येणाऱ्या पांढऱ्या हंसाच्या, शिकारीचा हंगाम आहे, खाली व्हर्जिनियात आहे, नॉर्थ कॅरोलिनात तर १९८४ पासून आहे. मधल्या मेरीलँडमध्ये मात्र नाही. राज्याकडे छोट्या, मर्यादित हंगामाची मागणी करावी असं तुमच्या मनात आहे. पण क्लबातले निम्मे लोक गप्प बसतात, आणि काही जुनेजाणते तर उघड विरोधात आहेत. शिकाऱ्यांच्या जास्तीत जास्त सह्या कशा मिळवाव्यात, असं तुम्ही विचारलंय. घरूनही या गोष्टीला विरोध आहे, हे जाता जाता लिहिलंय.

मी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनारपट्टीत पाणपक्ष्यांच्या व्यवस्थापनाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. जानेवारीतली विमानातून मोजणी, परवानाधारकांकडून येणारे अहवाल, शेतकऱ्यांच्या तक्रारी, हंगामाआधीच्या सभा, हे सगळं जवळून पाहिलंय. स्वतः शिकारही करतो. त्या अनुभवावरून सांगतो की सह्यांचा आकडा ही तुमची खरी अडचण नाही. खात्यातले जीवशास्त्रज्ञ अर्ज हातात घेतात तेव्हा त्यांच्या मनात एकच शंका असते : हे लोक बंधनं पाळतील का? एका माणसाला एक पक्षी, सोडतीतून परवाना, पक्षी पडताक्षणी त्याला परवान्याची चिठ्ठी (टॅग), हंगाम संपल्यावर अहवाल, आणि वेळ आली तर हंगाम मध्येच बंद. 'हंस मारायला मिळावा' यावर दोनशे सह्या एका संध्याकाळी मिळतील. या बंधनांवर चाळीस मिळाल्या तरी त्या दोनशेंपेक्षा जास्त कामाच्या. म्हणून शिकाऱ्यांकडे पाठिंबा मागायचा तो या मर्यादांना.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी मोकळेपणाने सांगतो, कारण त्या तुमच्या क्लबच्या हातात नाहीत.

हंस स्थलांतरित आहे, त्यामुळे मेरीलँडला एकट्याने हंगाम उघडता येत नाही. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला, १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या करारात हंस बदकं-गीजच्या कुळात, म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांतच धरलेला आहे. फक्त त्याची शिकार त्या वेळी बंद केली गेली. तसं करणं भागही होतं. हडसन्स बे कंपनीने १८५३ ते १८७७ या काळात १७,००० हून जास्त हंसांची कातडी विकली होती. त्यांचे पावडर लावायचे पफ व्हायचे, पिसांच्या लेखण्या व्हायच्या. ट्रम्पेटर हंस, टुंड्रा हंसाचा आकाराने मोठा भाऊबंद, त्यात जवळजवळ संपलाच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत, त्याचे सत्तरच्या आसपास पक्षी तेवढे माहीत होते, आणि त्यांच्यासाठी १९३५ मध्ये माँटानात रेड रॉक लेक्सचं अभयारण्य झालं. टुंड्रा हंसाची गत इतकी वाईट कधी झाली नाही. १९६२ मध्ये युटाहने त्याचा पहिला आधुनिक हंगाम उघडला, तोही परवान्यांची संख्या बांधूनच. पुढे नेवाडा, माँटाना, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, उत्तर आणि दक्षिण डकोटा आले. आयडाहोने २०२० मध्ये अवघ्या ५० टॅगवर सुरुवात केली. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, पण आजवर ज्याला मिळालं त्याला मोजून-मापूनच मिळालं.

तुमच्याकडे येणारे हंस हे 'पूर्वेकडच्या गटा'चे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यापासून बॅफिन बेटापर्यंत त्यांची घरटी आणि चेसापीक खाडीपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत त्यांचा हिवाळा. या गटाची संख्या ढोबळमानाने लाखाच्या आगेमागे फिरते. तीन वर्षांची सरासरी ८०,००० च्या खाली जाऊ द्यायची नाही, असं व्यवस्थापन आराखड्याचं उद्दिष्ट आहे. एकूण परवाने त्यावरून ठरतात आणि मग राज्याराज्यांत वाटले जातात. नॉर्थ कॅरोलिनाला साधारण ५,००० च्या आसपास, उत्तर डकोटाला २,२०० च्या घरात, दक्षिण डकोटाला १,३०० च्या घरात, व्हर्जिनियाला काही शे. मेरीलँडला परवाने द्यायचे तर ते याच हिशेबातून येणार, आणि फ्लायवे कौन्सिलमध्ये, म्हणजे स्थलांतराच्या मार्गावरच्या राज्यांच्या मंडळात, बाकीच्या राज्यांसमोर ते पटवावं लागणार. आमच्या हाइड काउंटीतले शिकारी त्यावर टाळ्या वाजवणार नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. सरासरी घसरत असेल त्या वर्षी तुमचा अर्ज कितीही चांगला असला तरी उत्तर 'आत्ता नाही' असंच येईल. हे क्लबमध्ये पहिल्याच बैठकीत सांगा. आशा लावून नंतर तोडण्यापेक्षा हे बरं.

आता तुमच्या जुन्याजाणत्यांकडे येतो. त्यांचा विरोध हळवेपणातून येतो असं तुम्ही सूचित केलंय. मला तसं वाटत नाही. त्यांच्याकडे तीन कारणं असणार आणि तिन्ही भक्कम आहेत.

पहिलं कारण आठवणीतलं. साठच्या दशकापर्यंत अटलांटिक किनाऱ्यावरचा हंसांचा मोठा हिवाळी तळ चेसापीकमध्ये होता. सस्क्वेहाना फ्लॅट्सवर, चेस्टर नदीच्या तोंडाशी, ईस्टर्न नेकच्या भोवती उथळ पाण्याखाली गवताची कुरणं होती आणि हंस लांब मान घालून ती खात. मग पाणी गढूळ होत गेलं, शेतांमधलं खत-माती खाडीत उतरली, आणि जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाने जे उरलं होतं तेही गाळाखाली गाडलं. हंसांनी खाणं बदललं. ते शेतात उतरू लागले, हिवाळी गहू आणि मक्याचे सांडलेले दाणे खाऊ लागले, आणि मोठा भाग दक्षिणेला सरकला, आमच्या मॅटामस्कीट आणि पंगो तळ्यांकडे. त्यामुळे केंट काउंटीतला सत्तरीचा माणूस 'हंस कमी झाले' म्हणतो तेव्हा त्याच्या खाडीपुरतं ते खरंच आहे. त्याला गटाची एकूण संख्या दाखवून गप्प करू नका. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा : संपूर्ण गटाचे जानेवारीतले आकडे आणि मेरीलँडचे. गट टिकून आहे आणि तुमच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी येतात, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. उलट अशी माणसं तुम्हाला हवीच आहेत. सस्क्वेहाना फ्लॅट्सवरचं गवत या शतकात बऱ्यापैकी परतलं आहे. त्यावर पुढे काम करायचं तर ज्यांनी ते आधी पाहिलंय तेच लोक उपयोगाला येतात.

दुसरं कारण म्यूट हंसाचं, आणि इथे तुम्हाला फार जपून बोलावं लागेल. १९६२ मध्ये टॅलबट काउंटीत पाळीव म्यूट हंसांपैकी पाच पक्षी निसटले. १९९९ पर्यंत त्यांची संख्या चार हजारांच्या जवळ गेली. हा पक्षी मूळचा युरोप-आशियातला. तो स्थलांतर करत नाही, उन्हाळाभर खाडीतच राहून गवत वाढत असतानाच उपटतो. टार बेमध्ये तर त्यांच्या थव्यांनी लहान सुरय आणि स्किमर पक्ष्यांची घरटी तुडवली. राज्याने संख्या कमी करायची ठरवली तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. २००१ मध्ये म्यूट हंसालाही १९१८ च्या कायद्याचं संरक्षण आहे असा निकाल आला, आणि २००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलून बाहेरून आणलेल्या पक्ष्यांना त्यातून वगळलं. त्यानंतर मेरीलँडने म्यूट हंस मोजक्यावर आणले. पण त्या वर्षांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जो कडवटपणा आला तो किनाऱ्यावर अजून लोकांच्या लक्षात आहे.

म्हणून तुमच्या पत्रकात 'हंस खाडीचं गवत संपवतात' असं एक वाक्यही येऊ देऊ नका. ते म्यूट हंसाबद्दल खरं होतं. टुंड्रा हंस इथलाच आहे, नोव्हेंबरात येतो, मार्चपर्यंत निघून जातो. गवताच्या वाढीच्या दिवसांत तो आर्क्टिकमध्ये असतो. दोन पक्ष्यांची सरमिसळ करून मिळवलेला पाठिंबा पहिल्याच जाहीर सुनावणीत गळून पडेल, आणि तुमच्याबरोबर उभे राहिलेले लोकही अडचणीत येतील.

शेतीच्या नुकसानीचा मुद्दाही असाच बेताने वापरा. ओल्या शेतात हंसांचा मोठा थवा उतरला की गव्हाची रोपं उपटली जातात, त्यांच्या रुंद पायांनी माती चिखलासारखी बसते आणि तिथे पाणी साचतं, हे मी स्वतः पाहिलंय. शेतकऱ्याची तक्रार खरी असते. पण थोड्याशा परवान्यांनी ती सुटत नाही. बंदुकीच्या आवाजाने थवा एका शेतातून उठून दुसऱ्या शेतात जातो, इतकंच. या हंगामाने संख्या नियंत्रणात येणार नाही आणि तसा त्याचा हेतूही नसावा. हा हंगाम म्हणजे एका सुस्थितीतल्या पक्ष्याचा अगदी थोडा, काळजीपूर्वक वापर. हे स्पष्ट बोलायला सुरुवातीला अवघड जातं, कारण 'गरज आहे' म्हणणं जास्त वजनदार वाटतं. तरी तुम्ही खरं तेच सांगा. शिकारी मंडळींना हे नीट कळतं. संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी असलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हंगामात आणि यात काय फरक आहे हे त्यांना शिकवावं लागत नाही.

तिसरं कारण भीतीचं. 'हंसावर नेम धरलेला एक फोटो पेपरात आला की लोक आमच्या बदकांच्या हंगामावर उठतील.' हे मी प्रत्येक सभेत ऐकलंय आणि ते फेटाळण्यासारखं नाही. गप्प बसलेले तुमचे निम्मे सभासद बहुधा याच भीतीने गप्प आहेत. त्यांना धीर देण्यासाठी भाषणाचा उपयोग नाही. त्यांच्याच अनुभवातली एक गोष्ट आहे, ती आठवून द्या.

ती गोष्ट कॅनडा गूजची, म्हणजे तुमच्या गीजपैकीच एका जातीची. उत्तर क्वेबेकमध्ये अंडी घालणाऱ्या अटलांटिक गटाच्या जोड्या १९८८ मध्ये १,१८,००० होत्या, १९९५ मध्ये २९,००० च्या आसपास उरल्या. पूर्व किनाऱ्याचा सगळा हिवाळा ज्या पक्ष्यावर चालायचा, त्याची शिकार १९९५ मध्ये बंद झाली. मार्गदर्शकांचे धंदे बसले, मोटेल रिकामी पडली, मक्याच्या शेतातले शिकाऱ्यांनी लपायला खणलेले पिट गवताने भरले. २००१ मध्ये बेताबेताने हंगाम पुन्हा उघडला, कारण जोड्या परत वाढल्या होत्या. तुमच्या क्लबातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने ती बंदी सोसली आहे. मर्यादा म्हणजे काय, ती का पाळायची आणि पाळल्यावर काय होतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. बाहेरच्या जगापुढे तुमची पत हीच आहे : ज्या लोकांनी गूजसाठी सहा वर्षं बंदुका खाली ठेवल्या, तेच लोक हंसासाठी एका परवान्याला एक पक्षी मागत आहेत. आणि हे तुम्ही म्हणण्यापेक्षा त्यांच्यातल्याच एखाद्या वयस्कराने म्हटलेलं शंभरपट परिणाम करतं. तुम्ही तिथे तुलनेने नवे आहात, आडनावही वेगळं आहे. कागदपत्रं, आकडे, फोनाफोनी तुम्ही करा आणि सभेत उभं राहायला त्या माणसाला पुढे करा. यात कमीपणा काही नाही. किनाऱ्यावरची माणसं बोलणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते आधी पाहतात.

आता ओळखीचा मुद्दा. यात तडजोड नको. टुंड्रा आणि ट्रम्पेटर हे दोघेही पांढरे, दोघांची चोच काळी. टुंड्रा हंसाच्या डोळ्यापुढे बहुतेक वेळा पिवळा ठिपका असतो, पण सगळ्यांना नसतो. टुंड्रा साधारण सहा ते नऊ किलोचा, ट्रम्पेटर त्याच्याहून बराच जड, पण हवेत वजन कुठे दिसतं? आवाजाने जास्त खात्री पटते : टुंड्राची हाक उंच पट्टीतली, लांबून कुत्र्यांच्या भुंकण्यासारखी वाटणारी, तर ट्रम्पेटरचा घोगरा, तुतारीसारखा. ऑन्टारियोत हॅरी लम्सडेन यांनी १९८२ मध्ये ट्रम्पेटर परत आणायचं काम सुरू केलं. तिथले आणि ग्रेट लेक्सच्या परिसरातले पक्षी आता वाढलेत, आणि थंडीत त्यातले काही मध्य अटलांटिक राज्यांपर्यंत येतात. त्यामुळे 'आमच्याकडे ट्रम्पेटर नसतातच' असं म्हणून चालणार नाही.

युटाहचं उदाहरण क्लबसमोर ठेवा. तिथे प्रत्येक परवानाधारकाला हंस ओळखण्याचा पाठ पूर्ण करावा लागतो, आणि मारलेला पक्षी ठरलेल्या मुदतीत तपासणीला न्यावा लागतो. ट्रम्पेटर किती पडले तर हंगाम बंद, याचा आकडा आधीच ठरलेला असतो. २०१९ मध्ये २० चा आकडा गाठला आणि हंगाम मुदतीआधी बंद झाला. काहींनी त्यात अपयश पाहिलं. मला त्यात व्यवस्था नीट चालल्याचं दिसतं : आकडा आला, बंद केलं. तुमच्या अर्जात असं कलम तुम्ही स्वतःहून मागा. खात्याने घालण्याआधी शिकाऱ्यांनी मागितलेलं कलम वेगळ्याच नजरेने वाचलं जातं.

बंदुकीच्या पल्ल्याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि सर्वांत कमी बोललं जातं. ज्याचा डोळा बदकावर आणि गूजवर तयार झालाय त्याला हंस फसवतो. पंखांचा पसारा साडेपाच फुटांच्या पुढे, अंग पांढरंशुभ्र. साठ यार्डांवरचा पक्षी पस्तीसवर असल्यासारखा वाटतो. शिवाय तो संथ उडतोय असं दिसतं, प्रत्यक्षात वेग चांगला असतो. मग बार उडतो, स्टीलचे छर्रे अंगात शिरतात, पक्षी डळमळतो आणि सरळ पुढे जाऊन खाडीत लांब कुठेतरी पडतो. तो कुणाच्या टॅगवर चढत नाही, अहवालात कुणी लिहिलं तरच कळतो. १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत, ते योग्यच झालं, कारण तळातलं शिसं गिळून हंस हालहाल होऊन मरतात. पण स्टील हलकं असतं आणि लांबवर त्याचा जोर लवकर ओसरतो. म्हणून हंगाम मिळण्याच्या आधीच, आत्ताच, क्लबमध्ये सराव सुरू करा. हंसाच्या खऱ्या मापाचा पांढरा पुठ्ठा तीस, चाळीस आणि साठ यार्डांवर उभा करा आणि माणसांना अंतर ओळखायला सांगा. जो साठला चाळीस म्हणतो त्याला कुणी काही बोलायची गरज पडत नाही. त्याचं त्यालाच समजतं. तीस-पस्तीस यार्डांपलीकडे बार नाही, जखमी पक्ष्यामागे लगेच बोट आणि कुत्रा, आणि हाती न लागलेला पक्षी स्वतःच्या परवान्यावर मोजायचा : ही तीन वचनं क्लबने लेखी द्यावीत असं मला मनापासून वाटतं. तिसरं कायद्याने मागितलेलं नसलं तरी द्यावं.

हंस उशिरा विणीला लागतो, साधारण चार-पाच वर्षांचा झाल्यावर, कधी त्याहून उशिरा. जोडी वर्षानुवर्षं टिकते. पिल्लं पहिला हिवाळा आईबापांबरोबर काढतात. ती राखाडी असतात, म्हणून ओळखू येतात. जोडीतला मोठा पक्षी पडला तर त्याची भरपाई व्हायला वेळ लागतो. पिल्लाचं मांसही जास्त कोवळं असतं. त्यामुळे शक्य तिथे राखाडी पक्षी घ्यावा असं मी परवानाधारकांना सांगत आलोय. मात्र राखाडी वयात टुंड्रा आणि ट्रम्पेटर ओळखणं आणखी कठीण, म्हणजे जिथे ट्रम्पेटर येण्याची शक्यता जास्त तिथे हा सल्ला तितकासा चालत नाही. हे तुमच्या भागातल्या पक्षीनिरीक्षकांना विचारून ठरवा. त्यांच्याकडे जाच. हंगामाची मागणी त्यांना वर्तमानपत्रातून कळण्याऐवजी तुमच्या तोंडून कळू द्या. ते पाठिंबा देणार नाहीत कदाचित, पण कुठल्या नदीवर ट्रम्पेटर दिसला याची त्यांची नोंद तुमच्या कुठल्याही सभासदापेक्षा पक्की असेल.

मांसाचं सांगतोच. बरेच जण एक पांढरा हंस पेंढा भरून दिवाणखान्यात लावायचा म्हणून परवाना मागतात. त्यावर कायद्याने बंदी नाही आणि मीही कुणाला नावं ठेवत नाही. पण ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही अशा लोकांना खाण्यासाठी केलेली शिकार समजते, शोभेसाठी केलेली समजत नाही. हंसाचं मांस उत्तम असतं : गडद, घट्ट, छातीचे तुकडे जाड. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलं तर कुठल्याही मटणाला मागे सारेल. क्लबच्या बोलण्यात खाण्याला पहिलं स्थान असू द्या, आणि ते मनापासून असू द्या. ज्यांना खायचंच नाही त्यांनी सोडतीत नाव घालू नये, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट चटकन सांगून पुढे जातो : मार्गदर्शक आणि धंदा. आमच्याकडे बाहेरगावच्या शिकाऱ्यांना हंसाची फेरी विकणं हा चांगला व्यवसाय झाला आहे. त्यातून गावाला पैसे मिळतात आणि कुरबुरीही होतात. मेरीलँडमध्ये परवाने मुळातच थोडे असतील. ते राज्यातल्या रहिवाशांना आधी की सगळ्यांना सारखे, यावर क्लबचं मत आधीच ठरवा, नाहीतर पाठिंब्याची पहिली फाटाफूट इथेच होईल.

घरच्या विरोधाबद्दल. आपल्याकडे हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन. लहानपणापासून तो पाटीवर, पूजेत पाहिलेला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही गोष्टच आपल्या आयुष्यातून गेली, त्यामुळे 'कायदेशीर हंगाम' ही कल्पनाच घरच्यांना परकी आहे. त्यांच्याशी वाद जिंकायचा प्रयत्न करू नका. माझ्या घरी मी इतकंच केलं की आकडे आणि नियम मोकळेपणाने सांगितले, आणि जे ताटात येणार नाही ते मारणार नाही हा शब्द दिला. ज्यांना तरी पटलं नाही, त्यांचं न पटणं मी मान्य केलं. लक्षात घ्या, अमेरिकन शेजाऱ्यांच्या मनातही हंस काही कमी पवित्र नाही. घरात नीट, न चिडता बोलता आलं तर सुनावणीतही येईल.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. सगळ्यात आधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागातल्या पाणपक्ष्यांच्या जीवशास्त्रज्ञाला एकटे जाऊन भेटा, काही मागण्यासाठी नाही, विचारण्यासाठी : गटाची तीन वर्षांची सरासरी कुठे आहे, मेरीलँडमध्ये जानेवारीत किती दिसले, आणि फ्लायवेच्या वाटपात नव्या राज्याला जागा आहे का. उत्तर नकारार्थी असेल तर तिथेच थांबा आणि क्लबला तसं सांगा. जागा असेल तर वर वर्णन केलेला सराव आणि ओळखीचे वर्ग एक हिवाळाभर घ्या, आणि मगच वाइल्डलाइफ ॲडव्हायझरी कमिशनसमोर विषय न्या. परवाने किती, हा आकडा तुम्ही सुचवू नका. तो जीवशास्त्रज्ञांचा प्रांत. घाईही नको. हंगामांच्या केंद्रीय चौकटी बऱ्याच महिने आधी ठरतात, फ्लायवेच्या बैठकांचं स्वतःचं वेळापत्रक असतं, त्यामुळे सगळं सुरळीत गेलं तरी काही वर्षं सहज लागतील.

क्लबमधल्या मतदानात एकच 'हंगाम हवा की नको' असा प्रश्न ठेवू नका. प्रत्येक बंधन वेगळं लिहा आणि प्रत्येकावर वेगळं मत घ्या : सोडत, एक पक्षी, ओळखीचा वर्ग, पल्ल्याची मर्यादा, जखमी पक्षी मोजणं, सक्तीचा अहवाल, ट्रम्पेटरचा ठरलेला आकडा गाठला की हंगाम बंद, आणि सरासरी घसरली तर हंगाम सोडून देण्याची तयारी. शेवटच्या कलमावर किती हात वर होतात ते नीट पाहा. तिथे बहुमत नसेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि त्या एका मुद्द्यावर बोलत राहा. असेल, तर अर्जासोबत सगळ्या मतांचे आकडे द्या, विरोधात गेलेल्यांचेही, त्यांच्या कारणांसकट. विभागाला ती कारणं सुनावणीत ऐकावी लागणारच आहेत. ती तुमच्याच कागदावर आधी वाचायला मिळाली तर पुढचं बोलणं सोपं जातं.